व्हीए लोन: शून्य डाऊन पेमेंटच्या पलीकडे काय मिळतं?

न्यू जर्सीतल्या एका मराठी काकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा अमेरिकन आर्मीत चार वर्षं काढून सन्मानाने बाहेर पडलाय. बायको आणि एक लहान मूल आहे, टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला नोकरी लागलीय आणि तिथे साधारण साडेतीन लाख डॉलरचं घर बघतायत. गुडघ्याच्या दुखापतीसाठी डिसॅबिलिटीचा, म्हणजे सरकारी अपंगत्व-भरपाईचा, अर्ज केलाय, निकाल यायचाय. मुलाचा कल व्हीए लोनकडे, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हमीच्या गृहकर्जाकडे आहे. वडिलांचं म्हणणं, “एक पैसा न भरता घर मिळतं म्हणजे कुठेतरी गोम असणारच. आम्ही 70,000 डॉलर देतो, 20 टक्के भरून साधं कर्ज घे. वाटल्यास मीही कर्जात नाव घालतो.” मग व्हीए लोनचा खरा फायदा कोणता?

मी टेक्सासमध्ये गृहकर्जाचं काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक पुष्कळ असतात. काका, तुमची शंका रास्त आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. गोम कर्जात नाही. शून्य डाऊन पेमेंट कोणी वापरावं आणि कोणी नाही, हा प्रश्न वेगळा आहे. शिवाय जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेलं ते “शून्य” हा या कर्जाचा सगळ्यात मोठा फायदा नाही, असं माझं मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. व्हीए म्हणजे डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स. ते खातं पैसे देत नाही. पैसे देते बँक किंवा मॉर्गेज कंपनी, आणि व्याजदरही तीच ठरवते. सरकार त्या कंपनीला हमी देतं: हप्ते थकले, घर विकावं लागलं, तर कर्जाच्या साधारण 25 टक्क्यांपर्यंतचा तोटा आम्ही सोसू. (आदिवासी जमातींच्या जमिनीवर घर घेणाऱ्या मूलनिवासी सैनिकांसाठी व्हीए स्वतः कर्ज देतं, पण तो वेगळा विषय.) आपल्याकडे आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन फौजींसाठी घरं बांधून देते. इथलं सरकार वीटही रचत नाही, फक्त पाठीशी उभं राहतं.

ही योजना 22 जून 1944 ला रूझवेल्टनी सही केलेल्या जीआय बिल या सैनिक-कल्याणाच्या कायद्यातून आली. तेव्हा हमी कर्जाच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त 2,000 डॉलर होती. आजवर अडीच कोटींहून अधिक कर्जं या हमीखाली गेली आहेत. पण शेवटचा निर्णय बँकेच्या टेबलावर ठेवल्यामुळे सुरुवातीला एक अन्यायही झाला. हक्क कागदावर सगळ्यांना सारखा होता, तरी दक्षिणेत कृष्णवर्णीय सैनिकांना बँका दारातूनच परत पाठवायच्या. मिसिसिपीत 1947 साली दिलेल्या तीन हजारांवर कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली फक्त दोन. आज तसा भेदभाव बेकायदेशीर आहे, पण रचना तीच आहे. एका लेंडरने, म्हणजे कर्ज देणाऱ्या कंपनीने, “नाही” म्हटलं तर ते त्या लेंडरचं नाही असतं, व्हीएचं नव्हे. उदाहरणार्थ, व्हीएने किमान क्रेडिट स्कोअर ठरवलेलाच नाही. 620 किंवा 580 चा आकडा कोणी सांगितला तर तो त्या कंपनीचा स्वतःचा नियम समजायचा आणि पुढच्या दारावर टकटक करायची.

आता पैशांकडे वळू. तुलनेसाठी सगळीकडे 6 टक्के दर आणि 30 वर्षं धरतो. प्रत्यक्षात व्हीएचा दर बहुधा साध्या कर्जापेक्षा थोडा खालीच असतो, पण ती मेहेरबानी आपण हिशेबात घेऊ नये.

साडेतीन लाखांचं घर, डाऊन पेमेंट शून्य. व्हीएची फंडिंग फी, म्हणजे हमीसाठी एकदाच भरायची रक्कम, पहिल्यांदा घेणाऱ्याला 2.15 टक्के, म्हणजे 7,525 डॉलर. ती कर्जातच घालता येते. कर्ज होतं 3,57,525 आणि मुद्दल-व्याजाचा हप्ता साधारण 2,144. याच घरासाठी 5 टक्के भरून साधं कर्ज घेतलं तर 17,500 आधी हातातून जातात. शिवाय 20 टक्क्यांपेक्षा कमी भरल्यामुळे पीएमआय नावाचा विमा बसतो, आणि त्याचा फायदा तुम्हाला नाही, बँकेला. तो वर्षाला 0.6 टक्के धरला (स्कोअरप्रमाणे कमीजास्त होतो) तर विम्यासकट हप्ता महिन्याला साधारण 2,160. एफएचए या दुसऱ्या सरकारी योजनेच्या कर्जात साडेतीन टक्के म्हणजे 12,250 भरायचे, वर 1.75 टक्के एकदाच आणि 0.55 टक्के दरवर्षी विमा. हप्ता 2,215 च्या आसपास, आणि डाऊन पेमेंट 10 टक्क्यांखाली असेल तर तो विमा कर्ज फिटेपर्यंत पिच्छा सोडत नाही.

म्हणजे साधं कर्ज घेणारा 17,500 भरूनही व्हीएवाल्यापेक्षा दरमहा थोडे जास्तच देतो. याला कारण एकच: व्हीए लोनला मासिक विमा नाही. पहिल्या दिवसापासून नाही, डाऊन पेमेंट कितीही असो. माझ्या हिशेबात या कर्जाची खरी कमाई ही आहे.

तुमच्या 20 टक्क्यांच्या सूचनेचंही गणित मांडू. 70,000 भरून साध्या कर्जाचा हप्ता येतो 1,679. तेवढेच भरून व्हीए घेतलं तर फी 1.25 टक्क्यांवर उतरते, 3,500 डॉलर, आणि हप्ता 1,700. इथे साधं कर्ज जिंकतं, पण जेमतेम. व्हीएचा दर पाव टक्क्याचाही अर्धा खाली मिळाला तर पारडं पुन्हा समान होतं. आणि मुलाची फी माफ झाली तर स्पर्धाच उरत नाही.

इथे तुमच्या मुलाचा गुडघा महत्त्वाचा ठरतो.

ज्याला व्हीएची डिसॅबिलिटी भरपाई मिळते, त्याला फंडिंग फी पूर्ण माफ असते. अपंगत्वाचं प्रमाण, म्हणजे रेटिंग, 10 टक्के असलं तरी चालतं. 2025 मध्ये 10 टक्क्यांची भरपाई महिन्याला 175.51 डॉलर होती. रक्कम छोटी दिसते, पण ती चालू असणं म्हणजे या व्यवहारात 7,525 वाचणं. सेवेत असलेला पर्पल हार्टचा (युद्धात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पदकाचा) मानकरी आणि ठरावीक अटींत बसणारी शहिदाची पत्नी किंवा पती, यांनाही फी नाही. तुमच्या मुलाचा अर्ज प्रलंबित आहे. निकाल क्लोजिंगआधी, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याआधी, आला तर फी लागणारच नाही. नंतर आला, पण भरपाई लागू झाल्याची तारीख क्लोजिंगच्या आधीची असली, तर भरलेली फी परत मागता येते. फी कर्जात घातली असेल तर परतावा साधारणपणे मुद्दलात वळता होतो.

पण हे आपोआप होईल असं धरून बसू नका. व्हीएच्याच इन्स्पेक्टर जनरलच्या 2019 च्या अहवालानुसार 2012 ते 2017 दरम्यान फी माफ असलेल्या सुमारे 73,000 माजी सैनिकांकडून ती वसूल झाली होती, रक्कम साधारण 28.6 कोटी डॉलर. पात्रतेच्या दाखल्यावर, ज्याला इथे सगळे सीओई म्हणतात, फी माफ आहे की नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. घर बघायला सुरुवात करताना काढलेला दाखला क्लोजिंगच्या आठवड्यात शिळा असू शकतो. निकालाचं पत्र हातात पडलं की लेंडरला नवा सीओई काढायला सांगा आणि क्लोजिंगच्या कागदांत फंडिंग फीची ओळ बोट ठेवून वाचा. रेटिंगचा निकाल आठ-पंधरा दिवसांवर आलाय असं दिसत असेल तर मी क्लोजिंग थोडं पुढे ढकलायला सांगतो, विक्रेता तयार असेल तर.

दुसरी गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. साधं कर्ज देणारा मुख्यतः उत्पन्न आणि देण्याचं प्रमाण बघतो, दर शंभर डॉलरमधले किती हप्त्यांत जातात ते. व्हीएही ते बघतं, 41 टक्क्यांपर्यंत निर्धास्त. पण त्याबरोबर ते एक साधा, घरगुती प्रश्न विचारतं: सगळं देऊन झाल्यावर महिनाअखेर हातात किती उरणार? याला रेसिड्युअल इन्कम म्हणतात. उरलेली रक्कम कुटुंबाचा आकार आणि देशाचा भाग बघून ठरवलेल्या किमान रकमेपेक्षा जास्त असावी लागते. दक्षिणेत तिघांच्या कुटुंबाला ती 889 डॉलर आहे, चौघांना 1,003. कॅलिफोर्नियाकडे चौघांना 1,117.

समजा तुमच्या मुलाचं आणि सुनेचं मिळून उत्पन्न महिना 8,500. कर आणि सोशल सिक्युरिटी कापून 7,200 धरा. घराचा हप्ता 2,144, प्रॉपर्टी टॅक्स 583, घराचा विमा 250, मिळून 2,977. व्हीए वीज-पाणी-देखभालीचेही पैसे धरतं, दर चौरस फुटाला 14 सेंट, म्हणजे 2,000 चौरस फुटांच्या घराला 280. गाडीचा हप्ता 480. आणि पाळणाघर 900, हो, तेही मोजतात. उरले 2,563. आता प्रमाण काढलं तर ते 51 टक्क्यांवर जातं. व्हीएचा नियम म्हणतो, 41 च्या वर गेलात तर किमान रकमेपेक्षा 20 टक्के जास्त उरलं पाहिजे. म्हणजे 1,067. इथे दुपटीहून जास्त उरतंय. अर्ज पुढे सरकतो.

हा हिशेब करून बघण्याचा उपयोग कर्ज मिळवण्यापुरता नाही. पाळणाघर, वीज, टॅक्स सगळं धरून जो आकडा येतो, तेवढ्यातच किराणा, पेट्रोल, मुलाच्या चपला आणि भारताची तिकिटं भागवायची आहेत. 2008 च्या मंदीत हजारो लोकांची घरं जात होती, तेव्हा डाऊन पेमेंट नसलेली ही कर्जं प्राइम, म्हणजे चांगल्या पतीची, समजल्या जाणाऱ्या कर्जांपेक्षाही कमी बुडत होती. त्याचं श्रेय बरेच जण सैनिकी शिस्तीला देतात. शिस्त असेलही. मी मात्र रेसिड्युअल इन्कमच्या या रकान्याला देतो.

आता शून्याबद्दल. शून्य डाऊन म्हणजे शून्य खर्च नव्हे. टायटल कंपनी (मालकी तपासून व्यवहार पार पाडणारी), अप्रेझल (घराच्या किमतीचा अंदाज), विम्याचं पहिलं वर्ष, एस्क्रोत (टॅक्स-विम्यासाठी लेंडरकडे राहणाऱ्या खात्यात) आगाऊ भरायचा टॅक्स, घराची तपासणी, टेक्सासमधली ऑप्शन फी (ठरावीक दिवसांत सौदा सोडता यावा म्हणून द्यायची), हे सगळं धरून दहा-बारा हजार हाताशी लागतातच. यातलं बरंचसं विक्रेत्याकडून वसूल करता येतं. नेहमीचा क्लोजिंगचा खर्च तो देऊ शकतो आणि त्याखेरीज किमतीच्या 4 टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतो. त्या 4 टक्क्यांत फंडिंग फी बसते, खरेदीदाराच्या क्रेडिट कार्डाची उधारी फेडणंही बसतं! बाजार थंड असेल तर हे मागून घ्यायचं. लेंडरच्या स्वतःच्या फीलाही 1 टक्क्याची मर्यादा आहे, आणि कर्ज कधीही फेडलं तरी दंड नाही.

खरी जोखीम पुढे येते. समजा शून्य भरून, फी कर्जात घालून घर घेतलं. पहिल्या दिवशी घर साडेतीन लाखांचं आणि देणं 3,57,525. तीन वर्षं इमानदारीने हप्ते भरले की देणं उतरतं 3,43,500 वर. तीन वर्षांत मुद्दल फिटलं फक्त 14,000! तेवढ्यात नोकरी बदलली, डॅलसला जायचं ठरलं. घराची किंमत तेवढीच राहिली असेल आणि विक्रीला 6 टक्के खर्च आला तर हातात येतात 3,29,000. म्हणजे घर विकायला खिशातून साडेचौदा हजार घालावे लागणार. किमती वाढल्या तर प्रश्न नाही, पण किमती वाढतीलच असं लिहून कोण देतं? सेवेत असलेल्यांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते, त्यांना हे हमखास भोवतं.

म्हणून मी विचारतो, “इथे किती वर्षं राहणार?” सात-आठ वर्षं, मुलाची शाळा इथेच, असं उत्तर आलं तर शून्य भरायला माझी हरकत नाही. ठाम सांगता येत नसेल तर तुमचे पैसे तिथे वापरा, पण 70,000 च्या 70,000 घरात ओतू नका. 10 टक्के, म्हणजे 35,000 भरले की फी 1.25 टक्क्यांवर येते, हप्ता 1,912 च्या घरात बसतो आणि तीच तीन वर्षांनंतरची विक्री खड्ड्यात न जाता साधारण साडेबावीस हजार हातात देते. क्लोजिंगचा खर्च वळता करून उरलेले वीसेक हजार बँकेत पडू द्या. टेक्सासात एसी बंद पडायला जुलैच लागतो आणि गारपिटीनंतर छपराचा खर्च निघतो तेव्हा विम्याचा डिडक्टिबल आपल्याच खिशातून जातो. भिंतीत गेलेला पैसा त्या वेळी बाहेर काढता येत नाही.

पैसे देण्याची पद्धतही नीट समजून घ्या. तुम्ही सहकर्जदार होऊ नका. पती-पत्नी दोघांचं नाव असेल तर हमी पूर्ण मिळते. पण माजी सैनिक आणि त्याचे वडील असं कर्ज झालं की व्हीए फक्त मुलाच्या वाट्याची हमी देतं. उरलेल्या अर्ध्या भागावर लेंडर डाऊन पेमेंट मागतो, साधारणपणे किमतीच्या साडेबारा टक्के, आणि अनेक लेंडर असली कर्जं घेतच नाहीत. त्याऐवजी भेट म्हणून द्या. एक गिफ्ट लेटर, त्यात परतफेडीची अपेक्षा नाही असं स्वच्छ लिहिलेलं, आणि तुमच्या खात्यातून मुलाच्या खात्यात किंवा थेट टायटल कंपनीकडे गेल्याचा पुरावा. आजीआजोबा पुण्याहून काही पाठवणार असतील तर भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण बँकेच्या कागदांची साखळी तुटू देऊ नका. रोखीने आणलेले, चार मित्रांच्या खात्यांतून फिरलेले पैसे अंडररायटरला, म्हणजे कर्जाची छाननी करणाऱ्याला, पटवताना नाकीनऊ येतात.

सूनबाईंचं एक. टेक्सास कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, म्हणजे लग्नानंतरची मिळकत आणि देणी साधारणपणे दोघांची समजली जातात. तिचं नाव कर्जात नसलं तरी तिची देणी, म्हणजे विद्यार्थी कर्ज, गाडी, कार्ड, हिशेबात धरली जातात. तिचा स्कोअर मात्र धरत नाहीत. तिचा क्रेडिट इतिहास कोवळा असेल तर तिला बाहेर ठेवण्यात हा एक फायदा आहे, पण देणी लपतील अशी आशा नको.

डिसॅबिलिटीची भरपाई करमुक्त असते, त्यामुळे प्रमाण काढताना लेंडर ती 25 टक्के फुगवून धरू शकतो. रेसिड्युअलच्या हिशेबात मात्र जेवढी येते तेवढीच.

अप्रेझलबद्दल विक्रेत्यांमध्ये बऱ्याच दंतकथा आहेत. व्हीएचा अप्रेझर व्हीएच्या यादीतूनच येतो, लेंडरला तो निवडता येत नाही. किंमत ठरवण्याबरोबरच घर राहण्याजोगं आहे का हेही तो बघतो: छप्पर, पाणी तापवण्याची टाकी, उघड्या वायरी, 1978 च्या आधीच्या घरांवरचा सोललेला रंग, टेक्सासमध्ये वाळवी. ‘आहे तसं’ विकायला काढलेलं पडकं घर यात बसत नाही, आणि म्हणून काही विक्रेते व्हीए ऑफर बघितल्यावर नाक मुरडतात. सॅन अँटोनिओत हा त्रास कमी. फोर्ट सॅम ह्यूस्टन आणि लॅकलंड या लष्करी तळांच्या सावलीतलं शहर आहे ते, तिथल्या एजंटांना व्हीए पाठ आहे. किंमत सौद्यापेक्षा कमी येईल असं अप्रेझरला वाटलं तर तो आधी कळवतो आणि आसपासच्या विक्रींचा पुरावा द्यायला दोन कामकाजाचे दिवस मिळतात. याला टाइडवॉटर म्हणतात. ते दोन दिवस एजंट झोपला तर काही खरं नाही. तरीही किंमत कमीच आली तर करारातल्या कलमानुसार तुमचा मुलगा इसार गमावल्याशिवाय सौद्यातून बाहेर पडू शकतो. हे कलम व्हीए कर्जात सक्तीचं आहे आणि ते माझ्या दृष्टीने फार मोलाचं आहे.

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्याचं उट्टं प्रॉपर्टी टॅक्स काढतो. 10 टक्के रेटिंगला राज्य घराच्या करपात्र किमतीतून 5,000 डॉलर वगळतं, म्हणजे वर्षाला शंभरेक डॉलरची सूट, फार नाही. रेटिंग 100 टक्के असेल तर राहत्या घराचा टॅक्स पूर्ण माफ होतो, ती गोष्ट मात्र आयुष्य बदलणारी आहे. आणि नवं बांधलेलं घर घेत असाल तर सावध. पहिल्या वर्षी टॅक्स कधी कधी मोकळ्या प्लॉटवर आकारलेला असतो. हप्ता बसलेला दिसतो, दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर आकारणी येते आणि एस्क्रोची तूट भरायला महिन्याचा हप्ता चारपाचशेने उडी घेतो. लेंडरला पहिल्यापासून पूर्ण घराचा अंदाज धरायला लावा. टेक्सास व्हेटरन्स लँड बोर्ड ही माजी सैनिकांना कर्ज देणारी राज्याची वेगळी संस्था 1946 पासून आहे. तिथला दरही विचारून ठेवा.

व्हीए लोनचा हक्क एकदाच वापरायचा नसतो. घर विकून कर्ज फेडलं की तो पूर्ण परत मिळतो. न विकता, जुनं घर भाड्याने देऊन दुसरीकडे गेलं तरी उरलेला वाटा वापरता येतो. 2020 पासून पूर्ण हक्क असलेल्याला कर्जाची कमाल मर्यादाच राहिली नाही. अर्धवट हक्क असेल तर काउंटीची (जिल्ह्याची) मर्यादा लागते. बहुतेक ठिकाणी 2025 मध्ये ती 8,06,500 होती. तिचे 25 टक्के म्हणजे 2,01,625, त्यातून पहिल्या घराच्या हमीत अडकलेले साधारण 87,500 वजा, उरले 1,14,125. त्याच्या चौपट, म्हणजे साडेचार लाखांच्या थोड्या वर, दुसरं घर पुन्हा शून्य भरून. दुसऱ्यांदा फी 3.3 टक्के लागते, 5 टक्के भरले तर दीडवर येते. अट एकच, घर घेताना त्यात स्वतः राहायचं, साधारण 60 दिवसांत. चार घरांपर्यंतची एक इमारत घेऊन एकात राहिलं आणि बाकीची भाड्याने दिली तरी चालतं. पुण्यातला फ्लॅट मात्र यात बसत नाही. घर अमेरिकेत किंवा तिच्या ताब्यातल्या प्रदेशातच हवं.

एक जुनी सोय सध्या पुन्हा सोन्याच्या भावाला आली आहे. व्हीए कर्ज दुसऱ्याच्या नावावर, त्याच जुन्या दराने, करता येतं. 2020-21 मध्ये पावणेतीन-तीन टक्क्यांनी घेतलेली अशी कर्जं अजून जिवंत आहेत. समजा साडेतीन लाखांच्या घरावर 2,60,000 बाकी आहे, दर 2.75. तुमचा मुलगा ते कर्ज स्वतःवर घेऊन 90,000 चा फरक रोख देऊ शकला तर फी फक्त अर्धा टक्का आणि दर आपण धरलेल्या 6 टक्क्यांच्या निम्म्याहून कमी. तुमचे 70,000 तिथे खऱ्या अर्थाने कामी येतील. आणि माजी सैनिक खरेदीदाराकडे इतरांकडे नसलेला एक हुकमी पत्ता असतो. तो आपला हक्क विक्रेत्याच्या हक्काच्या जागी ठेवू शकतो, त्यामुळे विक्रेत्याचा हक्क मोकळा होतो. साधा नागरिक ते कर्ज घेईल तर विक्रेत्याचा हक्क त्या घरात अडकून राहतो. म्हणून ऑफरमध्येच हे लिहा. प्रक्रिया रेंगाळते, महिने जातात, जुनी बँक फोन उचलत नाही, पण एवढ्या फरकासाठी थांबणं परवडतं. उद्या तुमचा मुलगा विक्रेता झाला तर त्यानेही लक्षात ठेवावं: जबाबदारीतून मुक्त केल्याचा लेखी कागद घेतल्याशिवाय कर्ज दुसऱ्याला देऊ नये.

अडचणीत मदत हा आणखी एक फायदा, जो चांगल्या दिवसांत कोणी विचारत नाही. हप्ते थकले तर व्हीएचे स्वतःचे कर्ज-सल्लागार बँकेशी बोलतात. जुलै 2025 मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने थकलेली रक्कम कर्जाच्या शेवटाकडे सरकवण्याची सोयही केली आहे. पहिला हप्ता चुकायच्या आत फोन करायला सांगा, तिसरा चुकल्यावर नाही.

क्लोजिंगनंतर महिन्याभरात घराच्या पेटीत सरकारी दिसणारी पत्रं पडू लागतील. गरुडाचं चिन्ह, लाल अक्षरांत “अंतिम सूचना”, दोन हप्ते माफ. ती व्हीएची नसतात, रिफायनान्स, म्हणजे जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, विकणाऱ्यांची असतात. व्हीएच्या सोप्या रिफायनान्सला, ज्यात दर खाली आणायला पुन्हा अप्रेझल बहुधा लागत नाही, नियम आहेत: सहा हप्ते आणि 210 दिवस झालेले हवेत, स्थिर दराहून स्थिर दरावर जाताना किमान अर्धा टक्का घट हवी आणि खर्च 36 महिन्यांत भरून निघायला हवा. या कसोटीवर न उतरणारं पत्र सरळ कचऱ्यात.

आता कामाला लागताना मुलाला डीडी-214, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, शोधून ठेवायला सांगा, सीओई व्हीएच्या संकेतस्थळावरून किंवा लेंडरकडून बहुतेक वेळा काही मिनिटांत निघतो. मग एकाच दिवशी, एकाच किमतीसाठी, तीन लेंडरकडून लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, मागवा, त्यांतला एक सैनिकांची क्रेडिट युनियन असू द्या. दर बघायच्या आधी त्या दरासाठी किती पॉइंट (दर खाली आणायला आगाऊ भरायची रक्कम) विकत घ्यायला लावलेत ते बघा, तिथेच बहुतेक जण फसतात. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात किती व्हीए कर्जं क्लोज केलीत? उत्तर द्यायला जो घुटमळेल, त्याचं एस्टिमेट कितीही गोड असलं तरी बाजूला ठेवा.